घंटी नसलेली सायकल

मी सायकल आहे असं सांगितलं की लोक आधी माझी चाकं शोधतात. दोन सापडत नाहीत. एकच आहे, पुढे, जड लोखंडाचं, आणि तेही जमिनीपासून वीतभर वर. ते फिरतं, मी मात्र जागची हलत नाही. माझ्यावर बसून माणसं घामाघूम होतात, धापा टाकतात, आणि उतरतात तेव्हा जिथे चढली होती तिथेच असतात. सायकलीच्या जन्माला येऊन रस्ता न पाहिलेली मी एकटीच नसेन, पण माझं दुःख मला माझ्यापुरतं मोठंच वाटतं.

ज्या नळ्यांपासून माझा सांगाडा झाला, त्याच नळ्यांपासून कारखान्यात त्याच दिवशी रस्त्यावरच्या सायकलीही झाल्या. त्या ट्रकमध्ये एकमेकींच्या हँडलात हँडल अडकवून, खिदळत निघाल्या. मला खोक्यात घालणारा कामगार म्हणाला, "हिला काय घाई? हिला घरातच बसायचंय." तो सहज बोलून गेला. माझ्या मनातून मात्र ते वाक्य अजून गेलं नाही.

पहिली काही वर्षं मी एका व्यायामशाळेत होते. तिथे माझा मुख्य उपयोग टॉवेल वाळत घालायला व्हायचा. नव्या वर्षाच्या पहिल्या आठवड्यात माझ्यासाठी रांग लागायची आणि दुसऱ्या आठवड्यात मी पुन्हा टॉवेलांची धनीण. माणसाचा निश्चय किती दिवस टिकतो हे मला विचारा. पुढे ती व्यायामशाळा बंद पडली आणि मी मागच्या पडवीत गंजत पडले.

तिथून मला उचललं ते एका बाईंनी. त्या शास्त्रज्ञ होत्या, नुकतीच त्यांना स्वतःची प्रयोगशाळा मिळाली होती. म्हणजे एक लांबट खोली, एक फ्रीझर आणि एक खिडकी. त्यांच्याबरोबर त्यांचे वडील आले होते. वडिलांनी जन्मभर सायकलवरून बेकरीचे पाव घरोघर पोचवले होते. त्यांनी मला बघितलं, चाकावर टकटक केलं, पट्टा ओढून पाहिला आणि म्हणाले, "हाडाची चांगली आहे. हिला माणसांनी नुसतं बसवून ठेवलंय."

माझ्याबद्दल असं कुणी बोललं नव्हतं. दोन सुट्ट्यांच्या दिवशी बसून त्यांनी मला वंगण दिलं, गंज खरवडला, पट्टा बदलला. बाई शेजारी बसून पाना, पक्कड हातात देत होत्या. काम संपल्यावर वडील माझ्या सीटवर चढले आणि त्यांचा उजवा अंगठा आपोआप हँडलवर सरकला. तिथे काहीच नव्हतं.

"अगं, हिला घंटी नाही!"

"बाबा, ही जागची हलणार नाही. घंटी कुणासाठी वाजवायची?"

"हलत नाही, मग मी पोचणार कुठे?" असं म्हणून ते इतके हसले की माझं चाकही थरथरलं. बाईही हसल्या. त्या खोलीत बाई एवढ्या मोकळ्या हसल्याचं मला पुन्हा फार आठवत नाही.

आता बाईंच्या कामाबद्दल सांगते. इतकी वर्षं ऐकून ऐकून मलाही थोडं कळतं. माणसाच्या मूत्रपिंडांवर टोपीसारख्या दोन ग्रंथी असतात. संकट आलं की त्या कॉर्टिसॉल नावाचा रस रक्तात सोडतात. हा रस म्हणजे घरातला जुना कारभारी. दारावर कुणी धडक मारली की हा कोठार उघडतो, साठवलेली साखर बाहेर काढतो आणि हातापायांना म्हणतो, घ्या, लढा नाहीतर पळा. कारभारी चांगलाच, पण रोजच्या काळजीनं त्याला झोपच लागेनाशी झाली, तर तो कोठार कायमचं उघडं ठेवतो आणि मग घराची धूळधाण होते. बाईंना शोधायचं होतं ते एवढंच: उतारवयातल्या माणसांनी हलकं हलकं पायडल मारलं, तर हा कारभारी शांत होतो का?

त्यासाठी माणसं यायची. आधी अर्धा तास खुर्चीत आराम, मग माझ्यावर बसून नाकातोंडावर मास्क लावून पायडल, मग पुन्हा आराम. मास्कमधून श्वास मोजला जायचा. अंगात साखर जळतेय की चरबी, ते त्यावरून कळायचं. आणि मधूनमधून कापसाचा एक बोळा चघळायचा. त्या थुंकीत कारभाऱ्याचा माग लागतो.

आरामाच्या अर्ध्या तासाचे नियम कडक होते. बोलायचं नाही, वाचायचं नाही, फोन खोलीच्या बाहेर. बाई स्वतःचाही फोन बाहेर ठेवायच्या आणि समोरच्या खुर्चीत बसून नजर ठेवायच्या. "आराम करा!" असं त्या अशा आवाजात सांगायच्या की भल्याभल्यांच्या कपाळावर घाम यायचा. पाठीमागे सगळे त्यांना आरामबाईच म्हणत. मी म्हणते, त्या दोन शब्दांनी जेवढं कॉर्टिसॉल चढलं असेल, तेवढं माझ्या पायडलांनी चढवलं नसेल. पण माझं कोण ऐकतं?

थुंकीच्या नळ्या सांभाळायला एक ताई होत्या. त्या नळ्या यंत्रात घालून गरागरा फिरवायच्या, म्हणून त्यांना भोवरेताई म्हणत. प्रत्येक माणसाला त्या एक नंबर द्यायच्या. कुठला नंबर कुणाचा, हे फक्त त्यांना ठाऊक. बाईंना मुद्दाम माहीत नसायचं, कारण माणूस ओळखीचा निघाला की निकाल बघणाऱ्याचा डोळा वाकडा होतो. पहिल्याच दिवशी बाई त्यांना बजावून म्हणाल्या होत्या, "ताई, काम संपेपर्यंत मला नाव सांगायचं नाही. माझ्या बापाचं असलं तरी!"

बोलाफुलाला गाठ पडते ती अशी. माणसं कमी पडायला लागली आणि एक दिवस बाईंचे वडीलच आले. "विज्ञानाची सेवा करायची म्हणतो," असं त्यांनी दारातूनच जाहीर केलं. ताकाला जाऊन भांडं लपवायची सवय चांगल्या माणसांनाही असते. त्यांचा वार मंगळवार ठरला, आणि ते कशासाठी आले होते ते मला पहिल्याच मंगळवारी कळलं.

ते खुर्चीत बसले. समोर बाई बसल्या. बोलायला बंदी होती, म्हणून दोघंही गप्प. बाई आपल्या कागदात. वडील मात्र त्यांच्याकडे बघत होते. केस कुठे पांढरे झालेत, चष्म्याची काडी कुठे चिकटवलीय, जेवण नीट होतंय की नाही, सगळं निवांत, सावकाश बघत होते. बाई एकदा मान वर करून म्हणाल्या, "बाबा, आराम करा." ते म्हणाले, "तोच करतोय." आणि जीभ चावली, कारण बोलायचं नव्हतं.

मग ते माझ्यावर बसले. सीटच्या दांड्याला उंची बदलायची भोकं आहेत, त्यांचं तिसरं. हँडलवर तळवे ठेवले की तिथल्या पट्ट्यांतून नाडी माझ्यापर्यंत पोचते. बाकीच्यांची नाडी सुरुवातीला दार वाजवल्यासारखी धडधडते. यांची दुपारी झोपून उठलेल्या माणसासारखी होती. पायडल मारताना त्यांचा उजवा अंगठा दर थोड्या वेळानं घंटी शोधायचा, रिकाम्या दांडीवर दाबला जायचा आणि परत यायचा. बहुतेक त्यांच्या डोळ्यांपुढे कुठलीतरी गल्ली असायची. मला ती दिसायची नाही, पण मी त्यांच्याबरोबर जायचे. एवढ्या माणसांनी मला फिरवलं. मला कुठे नेलं असेल तर त्यांनीच.

पायडल संपलं की बाई लगेच उठायच्या. शेवटच्या आरामाला भोवरेताई बसायच्या, कारण बाईंना पुढची कामं असायची. बाई दाराबाहेर पडल्या की माझ्या सीटवरून उतरलेला तो म्हातारा खुर्चीत अंग चोरून बसायचा. टोपी घालायची, काढायची, पुन्हा घालायची. दर मंगळवारी हेच.

पुढे नळ्यांचे निकाल आले. बाई आणि ताई माझ्याच शेजारी उभ्या राहून बोलत होत्या.

"हा सात नंबर बघा ताई. सगळ्यांचं कॉर्टिसॉल पायडल मारल्यावर उतरतं. याचं बसल्या बसल्याच तळाला जातं, आणि शेवटी घरी निघायच्या वेळी चढतं. उलटंच आहे सगळं. हा माणूस येण्याआधी नक्की काहीतरी घेत असणार. गोळी, चहा, काहीतरी."

"घेत नाही, मॅडम," ताई म्हणाल्या.

"तुम्ही कशावरून सांगता?"

ताईंचं तोंड उघडलं आणि मिटलं. "एकदा विचार करा, एवढंच म्हणते."

"विचार कसला? तीनदा उलटं आलं तर नंबर काढायचा, असं आपण आधीच ठरवलंय. नियम आहे ना?"

"आहे."

"मग कळवा त्यांना."

तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणजे काय ते त्या दिवशी ताईंच्या चेहऱ्यावर दिसलं. माझा चेहरा नाही म्हणून, नाहीतर माझ्यावरही दिसला असता. सात नंबरच्या फोनवर निरोप गेला. ताईंनी तो पाठवण्याआधी हळू आवाजात वाचला होता, म्हणून मला पाठ आहे. आपल्या सहभागाबद्दल आभार. यापुढे आपण येण्याची आवश्यकता नाही.

पुढच्या मंगळवारी तिसऱ्या भोकाला कुणी हात लावला नाही. बाई घड्याळाकडे बघून म्हणाल्या, "बाबा येणार नाहीत म्हणे. गुडघा दुखतोय." ताईंच्या हातातली नळी खाली पडली. बाईंनी एवढंच विचारलं, "फुटली नाही ना?" गुडघ्याची गोष्ट त्यांनी मानली, कारण मानणं सोयीचं होतं. एका घरात राहणारी ती दोघं. ती सकाळी लवकर जाणार, संध्याकाळी थकून येणार, ताटासमोर फोन, मग झोप. त्यांनी सांगितलं नाही, हिनं विचारलं नाही. थोड्या दिवसांनी वडील मुलाकडे राहायला गेले, दूरच्या गावी. "तिकडे नात आहे, रमतील," असं बाई कुणाला तरी सांगत होत्या. सांगताना त्या माझं हँडल पुसत होत्या आणि एकच जागा पुसत राहिल्या.

मला बोलता आलं असतं तर? हा प्रश्न मी स्वतःला फार वेळा विचारला. मला फक्त करकरता येतं. मी करकरले. बाईंनी तेल घातलं.

नंतर किती माणसं आली आणि गेली. मी सगळ्यांना फिरवलं, काम केलं. पण कुणाचा अंगठा घंटी शोधायचा नाही आणि मला कुठलीच गल्ली दिसायची नाही. मंगळवारी दुपारी दार वाजलं की माझा पट्टा उगाच ताणल्यासारखा व्हायचा. कुणीतरी दुसराच असायचा.

शेवटी काम पुरं झालं, सगळ्या नळ्या मोजून झाल्या. त्या दिवशी भोवरेताई आत आल्या, एप्रन काढून हातावर घेतला आणि म्हणाल्या, "मॅडम, आता नावं सांगायची मुभा आहे ना?"

"आहे की. का?"

"तो सात नंबर. तो काही घेत नव्हता. आल्या आल्या चूळ भरायला पाणी मीच देत होते, दर वेळी." ताईंनी एप्रनची घडी घातली. "तुमचे बाबा होते ते."

बाई माझ्या सीटवर आडव्याच टेकल्या. मग हळूहळू, स्वतःशीच पाठ म्हणावा तसं बोलायला लागल्या. "म्हणजे मी समोर बसले की उतरत होतं. आणि मी उठले की..."

"मी तेव्हाच तोंड उघडायला हवं होतं," ताई म्हणाल्या.

"नियम माझा होता, ताई."

मग त्यांनी एक गोष्ट केली जी त्या खोलीत कधीच झाली नव्हती. बाहेर जाऊन फोन आत आणला आणि माझ्याजवळ उभं राहून लावला. खोली इतकी शांत होती की पलीकडचा आवाज मला नीट ऐकू येत होता.

"हॅलो! या वेळी कसा फोन? बरी आहेस ना?"

"बरी आहे, बाबा. तुमचा गुडघा कसाय?"

"कुठला गुडघा?"

बाईंनी डोळे मिटले. पलीकडून घाईघाईनं, "अगं हां, तो! बराय की. त्याला काय धाड भरलीय!"

"बाबा, तो निरोप आला तेव्हा मला विचारलं का नाहीत?"

"काय विचारायचं? शाळा तुझी, मास्तरीण तू. मला वाटलं, आपली थुंकी नापास झाली."

बाई हसल्या आणि त्याच श्वासात रडल्या. "नापास नव्हती हो. मला वाचता आली नाही." मग नाक पुसून त्यांनी विचारलं, "खरं सांगा, तुम्ही इथे कशाला येत होता?"



"तू समोर बसायचीस ना," ते म्हणाले. "घरी कुठे बसतेस?"

मी लोखंडाची आहे. तरी सांगते, ते वाक्य मला सहन झालं नाही. बाई तर उभ्याच राहिल्या. ताई हळूच बाहेर गेल्या आणि त्यांनी दार ओढून घेतलं.

"बाबा, मंगळवारी या. या ना."

"येईन. पण आधी तिला घंटी बसव. घंटी नसलेल्या सायकलवर किती दिवस बसायचं माणसानं?"

दुसऱ्याच दिवशी बाईंनी घंटी आणली. नवी नाही, वडिलांची जुनी सायकल घरी जिन्याखाली उभी होती, तिची काढून आणली. आधी ती त्यांनी डावीकडे बसवली, मग थांबल्या, काढली आणि उजवीकडे लावली. लहानपणी त्या त्याच सायकलच्या दांडीवर पुढे बसून शाळेत जायच्या. त्यांच्या डोळ्यांसमोर सगळा वेळ वडिलांचा उजवा अंगठा असायचा. एवढं जवळून पाहिलेलंही माणूस विसरतं, आणि मग कधीतरी पाना हातात धरल्यावर आठवतं.

सीट तिसऱ्या भोकावर आणली. पट्टा सैल केला. दोन खुर्च्या समोरासमोर मांडल्या. मंगळवारची वाट मी जशी पाहिली तशी आयुष्यात कशाचीच पाहिली नसेल.

ते आले नाहीत. निघायच्या आदल्या दिवशी मुलाच्या घराच्या जिन्यावरून पाय घसरला आणि तोच गुडघा मोडला. खोटं बोललेलं दुखणं खरं होऊन बसलं. डॉक्टरांनी प्रवासाला मनाई केली. पायडल तर दूरच. बाईंनी फोनवर सगळं ऐकून घेतलं, आणि मग फोन माझ्या हँडलजवळ धरून घंटी वाजवली. ट्रिंग, ट्रिंग. पलीकडून पाव विकताना द्यायचा तोच जुना आवाज आला, थोडा चिरका, पण खणखणीत:

"सरका, सरका! पाव गरम आहे!"

बाईंनी फोन ठेवला, पिशवी उचलली आणि भरदुपारी काम सोडून बस पकडायला गेल्या. आरामबाईंनी कामाच्या वेळी दाराला कुलूप लावलेलं ताईंनी पहिल्यांदाच पाहिलं.

तेव्हापासून दर मंगळवारी खोली बंद असते. बाई त्यांच्याकडे जातात आणि समोर बसतात. ताईंना त्या सांगतात ते माझ्या कानावर येतं: काही विशेष बोलत नाही आम्ही, नुसतं बसतो. इथे नवं काम सुरू झालंय. आता येणाऱ्यानं आरामाच्या वेळी आपलं कुणी माणूस बरोबर आणायचं असतं. कुणाची बायको येते, कुणाचा शाळासोबती, कुणाची लेक. पायडलं मारायला आकडे दाखवणाऱ्या पडद्याचं नवं यंत्र आलंय. मी खिडकीजवळ असते. मला भंगारात द्यायचं म्हणणाऱ्याकडे बाईंनी एकदाच असं बघितलं की विषय संपला.

बाईंना त्यांचे बाबा मिळाले. मला आनंद आहे. पण खोटं कशाला बोलू, मला ते हवे होते. खिडकीतून रस्ता दिसतो. त्यावरून सायकली जातात, घंट्या वाजतात आणि प्रत्येक वेळी माझं चाक उगाच जरासं हलतं. वारा असेल.

तुमच्यापैकी कुणी त्या गावी गेलात आणि ओट्यावर पाय लांब करून बसलेला एक म्हातारा दिसला, उजवा अंगठा रिकाम्या हवेत दाबणारा, तर त्यांना माझा निरोप द्या. सीट तिसऱ्या भोकावरच आहे, कुणालाही बदलू दिली नाही. घंटी उजवीकडे आहे. पाय चालले नाहीत तरी चालेल, नुसतं येऊन बसा. आणि हेही सांगा, की ही सायकल हलत नाही मग मी पोचणार कुठे असं तुम्ही विचारलं होतंत ना, तर दर मंगळवारी तुम्ही बरोबर पोचत होतात. मी होते बरोबर, मला ठाऊक आहे.